इंजिनाचा दिवा लुकलुकतोय? कॅटकॉन बदलण्याआधी मिसिंग शोधा

प्रश्न

दादा, माझ्याकडे 2018 सालची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. 71 हजार किलोमीटर झाले आहेत. जुलैच्या पावसात मनीषनगरहून निघून वर्धा रोडच्या दुमजली पुलावर चढत होते, एसी सुरू होता. गाडी हिसके मारू लागली आणि मीटरमधला पिवळा इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला. पूल उतरल्यावर हिसके थांबले, दिवा मात्र लागूनच राहिला. घराजवळच्या मिस्त्रीने बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. दिवा गेला, पण एक-दोन दिवसांत पुन्हा तोच प्रकार. दुसऱ्या गॅरेजमध्ये "कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेला, सेन्सरसकट बदलावा लागेल" म्हणून 40 हजारांचा अंदाज दिला. का गेला असं विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला नाही समजणार ते." मिस्टर नोकरीनिमित्त पुण्याला असतात. दीर म्हणतात, आजकाल इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यामुळे होतं, चालवत राहा, आपोआप जाईल. पुढच्या आठवड्यात मुलीच्या प्रवेशासाठी अमरावतीला जायचं आहे. काय करू?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर

ताई, सगळ्यात आधी अमरावतीचं सांगतो. दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत या गाडीने जाऊ नका. मुलीला घेऊन एसटीने जा किंवा रेल्वेने जा. नागपूर ते अमरावती दीडशे किलोमीटरचा रस्ता, त्यात भरलेली गाडी, एसी, ट्रकना ओलांडताना द्यावा लागणारा जोर. पुलाच्या चढावर जे झालं ते तिथे वारंवार होईल. कोंढाळी ओलांडल्यावर पावसात गाडी बंद पडली तर तुम्हा दोघींची ओढाताण होईल ती वेगळीच.

आता हा दिवा काय म्हणतो ते पाहू. पिवळा इंजिनाचा दिवा नुसता लागून राहिला, तर इंजिनाच्या कॉम्प्युटरने कुठलातरी दोष नोंदवून ठेवला आहे एवढाच त्याचा अर्थ. तो सवडीने, पण लवकर तपासावा. तोच दिवा लुकलुकतो तेव्हा बाब तातडीची असते. आपल्या पेट्रोल गाड्यांत त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: या क्षणी एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जातंय, पण पेटत नाही. आपले मिस्त्री त्याला 'मिसिंग' म्हणतात. कॉम्प्युटरला हे कळतं ते क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरमुळे. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला एक धक्का मिळतो. एखादा धक्का चुकला की क्रँकची गती क्षणभर मंदावते आणि कुणाची पाळी चुकली तेही त्याला समजतं. तुम्हाला बसले ते हिसके हेच.

लुकलुक एवढी गंभीर का? कारण न जळलेलं पेट्रोल कुठेतरी जाणारच. ते सायलेन्सरच्या वाटेने कॅटकॉनमध्ये जातं. कॅटकॉनच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंचा पातळ थर असतो. एरवीही ती वीट काहीशे अंश सेल्सिअसवर काम करते. तिथे कच्चं पेट्रोल आणि उरलेली हवा पोचली की ते तिच्यातच जळतं, तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकतं आणि वीट वितळायला लागते. वितळलेल्या विटेतून धूर बाहेर पडत नाही, गाडी ओढत नाही. ज्या भागासाठी तुमच्याकडे 40 हजार मागितले, तो भाग मिसिंग तशीच ठेवून चालवल्याने खरोखरच खराब होतो. म्हणून दिरांचं "चालवत राहा" मनावर घेऊ नका. त्यांनी काळजीपोटीच सांगितलं असेल, पण आपोआप जाणारी ही गोष्ट नाही.

याच कारणासाठी त्या दुसऱ्या गॅरेजचा अंदाजही आज मान्य करू नका. समजा, कॅटकॉन खरंच खराब झालाय. तरी तो मुळात का गेला? आधी मिसिंग आहे, मग कॅटकॉन जातो. मिसिंग न काढता नवा बसवला तर नवाही त्याच रस्त्याने जाईल. तुम्ही विचारलेला "का?" अगदी बरोबर होता. त्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याला 40 हजारांचं काम देऊ नये. "तुम्हाला समजणार नाही" हे उत्तरच नाही. गाडी तुमची आहे, पैसे तुमचे आहेत आणि यातलं सगळं कुणालाही समजेल इतकं सरळ आहे.

बॅटरीची वायर काढणाऱ्या मिस्त्रीने नकळत तुमचं नुकसान केलं. बॅटरी सोडवली की कॉम्प्युटरमध्ये साठलेले दोषांचे कोड पुसले जातात, आणि कोडबरोबर एक फार उपयोगी नोंदही जाते. तिला स्कॅनरवर, म्हणजे हे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, किती जोर होता, गाडी किती गरम होती, हे सगळं तिच्यात असतं. आता दिवा परत आला आहे म्हणजे नोंदही परत आली आहे. यापुढे कुणालाही आधी वायर काढू देऊ नका. "आधी स्कॅनर लावा, कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो मला पाठवा, मग बाकीचं," एवढं ठामपणे म्हणा.

स्कॅनर लावायची जागा स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला असते. सोळा पिनांचं ते सॉकेट. ब्लूटूथवर मोबाईलला जोडणारा साधा स्कॅनरही हे कोड वाचतो. मिसिंगचे कोड पी0300 पासून सुरू होतात. पी0301 म्हणजे पहिला सिलिंडर, पी0302 दुसरा, असं पी0304 पर्यंत. नुसता पी0300 आला तर मिसिंग एकाच सिलिंडरमध्ये नाही, फिरती आहे. हा फरक फार मोलाचा आहे, कारण पुढचा सगळा तपास त्यावर ठरतो. पी0420 हा कॅटकॉनच्या कामगिरीचा कोड. तुमच्या गॅरेजवाल्याने कदाचित तो पाहूनच अंदाज दिला असेल. पण त्याच यादीत पी030 ने सुरू होणारा एखादा कोड असेल, तर आधी तो सोडवायचा.

इथेनॉलबद्दल. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे मिळतं आणि 2018 ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, हे खरं. मायलेज थोडं कमी होतं, जुने रबरी पाइप आणि सील यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. पण चारही सिलिंडर एकाच टाकीतलं पेट्रोल पितात. स्कॅनरने एकाच सिलिंडरचं नाव घेतलं तर दोष पेट्रोलवर टाकता येत नाही. पी0300 आला आणि पेट्रोल भरल्या-भरल्या त्रास सुरू झाला असेल, तर मात्र टाकीत पाणी आलं का ते पाहावं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते खाली वेगळं बसतं, आणि पावसाळ्यात ही शक्यता खरी असते.

तुमच्या पत्रात एक फार चांगला धागा आहे: चढ, एसी आणि हिसके. सपाट रस्त्यावर ठीक, जोर पडला की मिसिंग. जोर पडतो तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबात ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. ठिणगीसाठी हे व्होल्टेज तयार करणारी कॉइल कमकुवत असेल किंवा ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा गॅप झिजून वाढला असेल तर ठिणगी नेमकी तेव्हाच चुकते. उलट गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये थरथरली असती आणि पळताना सुधारली असती, तर मी व्हॅक्यूमचा फाटका पाइप किंवा इंजेक्टर (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारा भाग) आधी पाहायला सांगितला असता. त्यामुळे माझा पहिला संशय इग्निशनवर आहे, म्हणजे कॉइल आणि प्लग. त्यातून 71 हजार किलोमीटर. साधे निकेलचे प्लग साधारण 30 ते 40 हजारांना बदलावे लागतात, इरिडियमचे लाखाच्या आसपासपर्यंत चालतात. तुमच्या गाडीत कोणते आहेत ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. सर्व्हिसची जुनी बिलं काढून बघा. प्लग बदलल्याची नोंद कुठेच नसेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

नागपूरच्या उन्हाचाही यात हात असतो. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना वर्दळीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय तापत असेल! कॉइल प्लगच्या डोक्यावरच बसलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तिचं इन्सुलेशन आणि खालचं रबरी टोपण कडक होतं, बारीक तडे जातात. उन्हाळाभर ते निभावतं. जूनमध्ये पहिला पाऊस आला, दमट हवा त्या तड्यात शिरली की वीज प्लगच्या टोकापर्यंत जाण्याऐवजी बाजूने पळते. पाऊस लागल्यावर गाडी मिसिंग मारायला लागते ती अनेकदा अशी. नरेंद्रनगरच्या पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढली होती का, तेही आठवून पाहा आणि मिस्त्रीला सांगा. आणखी एक शंका मिटवून घ्या: पावसाळ्यात उंदीर कोरड्या, गरम जागेच्या शोधात बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. बॉनेट उघडल्यावर कॉइल आणि इंजेक्टरच्या वायरी नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या तरी हे कळतं.

आता तपासाची खरी पद्धत. ही मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण तुमच्या समोर. समजा कोड पी0303 आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवायची. कॉइलचा प्लॅस्टिकचा सॉकेट उन्हाने ठिसूळ झालेला असतो, त्याचं कुलूप हलक्या हाताने दाबूनच काढायचं, नाहीतर एका दुरुस्तीत दुसरी निघते. मग कोड पुसायचा, मिस्त्रीने बाजूला बसून थोडासाच, पण चढ लागेल असा फेरा मारायचा आणि पुन्हा स्कॅनर लावायचा. कोड पी0301 झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर हलला, तर कॉइल खराब. विषय संपला. कोड पी0303 वरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग तसेच प्लग अदलाबदल करून पाहायचे. तरीही तिसराच सिलिंडर बोलत असेल तर इंजेक्टर, आणि शेवटी कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. या अदलाबदलीला एकही नवा पार्ट लागत नाही, फक्त मजुरी लागते. जो गॅरेजवाला आनंदाने हे करायला तयार होईल, त्याच्याकडे गाडी द्या.

एक जुनी सवय मात्र चालू देऊ नका. कार्ब्युरेटरच्या काळात इंजिन सुरू ठेवून एकेका प्लगची वायर काढत आणि कोणती काढल्यावर आवाज बदलत नाही ते ऐकत. आजच्या गाडीवर चालू इंजिनची कॉइल अशी उपटली तर त्या सिलिंडरचं सगळं पेट्रोल थेट कॅटकॉनमध्ये जातं, शिवाय कॉइलचं व्होल्टेज वीस-तीस हजारांच्या घरात जातं, हाताला जबर झटका बसतो. चालू इंजिनवर एखादा सिलिंडर बंद करून पाहायचाच असेल तर स्कॅनरवरून इंजेक्टर बंद करतात. ज्या सिलिंडरची ठिणगी बंद, त्याचं पेट्रोलही बंद, हा नियम पाळला पाहिजे.

प्लग बाहेर आले की ते हातात घेऊन बघा, ते बरंच काही सांगतात. टोक फिकट तपकिरी असेल तर त्या सिलिंडरचं सगळं ठीक चाललंय. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे ठिणगी नाही. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढऱ्या चिनी मातीवर उभी बारीक काळी रेघ दिसली तर वीज तिथून बाजूने पळत होती, आणि मग प्लगसोबत कॉइलचं रबरी टोपणही बदलायचं. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलेलं असेल तर वरच्या टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळतंय. ते न बदलता नवी कॉइल बसवली तर तीही काही दिवसांत तेलात भिजेल. प्लग बदलायचे तर चारही एकत्र, कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच. हेड ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून प्लगच्या पहिल्या आट्या हातानेच फिरवायच्या, शेवटचा आवळा टॉर्क रेंचने. इरिडियम प्लगचा गॅप नाणं घालून वाढवणारा कुणी भेटला तर त्याला थांबवा, त्याचं बारीक टोक तिथेच तुटतं.

इंजेक्टर आणि कंप्रेशनपर्यंत बहुधा जावं लागणार नाही, म्हणून ते थोडक्यात. इंजेक्टरची टकटक ऐकून आणि चौघांचा रोध मोजून फरक कळतो, साफही करता येतो. कंप्रेशन एकाच सिलिंडरचं बाकीच्यांपेक्षा फार कमी निघालं, किंवा कूलंटची टाकी कारण नसताना कमी होत असेल, तर काम मोठं आहे. अशा वेळी एखाद्या दुसऱ्या जाणकाराचंही मत घ्या.

मिसिंग गेल्यावर मग कॅटकॉनकडे वळा. कोड पुसा, काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. पी0420 परत आला नाही तर तुमचे 40 हजार वाचले. लवकर थांबलेल्या गाड्यांत असं अनेकदा होतं. परत आला, तर मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग स्कॅनरवर पाहून, कॅटकॉनला हलकेच ठोकून आत काही खुळखुळतं का ते ऐकून, जोर लावल्यावर गाडी दमते का ते बघून निर्णय घ्यावा. तेव्हाही सेन्सर आणि कॅटकॉन दोन्ही एकदम बदलायची गरज का, हे विचारा. आणि "कॅटकॉन काढून नुसता पाइप टाकून देतो, स्वस्तात होईल" असं कुणी म्हटलं तर साफ नकार द्या. ते कायद्याच्या विरुद्ध आहे आणि तो विषारी धूर आपल्याच गल्लीतली मुलं ओढणार आहेत. वर त्या जुन्या कॅटकॉनमधल्या धातूंना चांगला भाव असतो, तो कुणाच्या खिशात जातो याचाही विचार करा. बदलावाच लागला तर जुना परत मागा, नाहीतर त्याची किंमत बिलातून वजा करून घ्या.

तोवर, गॅरेजपर्यंत जाताना पुन्हा लुकलुक झाली तर काय करायचं? ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढा, एसी बंद करा, चारही इंडिकेटर लावून डावीकडे घ्या. जोर कमी केल्यावर दिवा स्थिर झाला आणि हिसके थांबले तर हळूहळू, वरच्या गिअरला न दामटता, जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. लुकलुक चालूच राहिली तर इंजिन बंद करा आणि गाडी उचलून न्या. तुमच्या विम्यात रस्त्यावरची मदत समाविष्ट आहे का ते आजच पाहून ठेवा, बऱ्याच पॉलिसींत असते आणि लोक विसरतात. गाडी वाळलेल्या गवतावर किंवा पालापाचोळ्यावर उभी करू नका. तापलेला कॅटकॉन गाडीच्या पोटाशी असतो, त्याने गवत पेटू शकतं. पावसाळ्यात ही भीती कमी, पण उन्हाळ्यात आउटर रिंग रोडच्या कडेला ती अगदी खरी असते. आणि पिवळ्या दिव्याबरोबर तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर एक मीटरही पुढे जाऊ नका.

गॅरेजमध्ये पाऊल टाकल्यावर एवढंच बोला: "चढावर, एसी लावल्यावर गाडी मिसिंग मारते, दिवा लुकलुकतो. आधी कोड काढा, मला दाखवा. मग कॉइल अदलाबदल करून बघा. माझ्याशी बोलल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू नका, आणि जो बदलाल तो जुना मला परत द्या." हे ऐकल्यावर समोरच्याचा सूर बहुतेक वेळा बदलतो. नाही बदलला, तर गाडीची किल्ली परत घ्या. वर्धा रोडवर आणि शहरात ठिकठिकाणी स्कॅनर असलेले, नीट समजावून सांगणारे मिस्त्री आहेत.

कोड निघाला की आकड्यासह मला लिहा, फ्रीझ फ्रेमचा फोटो असेल तर तोही पाठवा. त्यावरून इंजेक्टरकडे जायचं की प्लगवरच थांबायचं ते सांगतो. मुलीला प्रवेशासाठी शुभेच्छा.